साडेतीन वर्षांचा हिशेब

मे २०१७ मध्ये आपण पनवेल महापालिकेवर ७८ नगरसेवक निवडून दिले. त्यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले थेट जानेवारी २०२६ मध्ये! मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, खटले, कारणे होती. पण मालमत्ता कराची बिले थांबली नाहीत आणि जाब विचारायला फक्त प्रशासक.

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर तीन तास बंद पडला तर आमच्याकडून लेखी खुलासा घेतात. तरुणांचा लोकशाहीवर विश्वास उरला नाही म्हणता? साडेतीन वर्षांचा खुलासा त्यांना कुणी दिला?

आता नगरसेवक आहेत. प्रभाग समितीची बैठक कधी, विचारा. उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये लागतात.