सातबाऱ्यातून वस्तुकेंद्री आराखडा

संगणकासाठी कामाचा आराखडा करावयाचा तर प्रथम त्या कामातील वस्तू ओळखाव्यात, प्रत्येकीने कोणती माहिती बाळगावी व कोणते कार्य करावे हे ठरवावे, अशी एक विचारपद्धती आहे. तिला वस्तुकेंद्री विश्लेषण म्हणता येईल. नॉर्वेच्या ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात रचलेल्या सिम्युला या संगणकभाषेतून तिचा उगम झाला. बाभुळगाव तालुक्यातील श्रोत्यांना मात्र उदाहरणासाठी नॉर्वेला जाण्याचे कारण नाही. सातबारा पुरेसा आहे.

समजा, बेंबळा नदीच्या काठी कापूस-तूर पिकविणारा एक शेतकरी वारला. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. वारसनोंद व्हावयाची आहे. नवशिका आराखडाकार 'गट' ही एकच वस्तू कल्पितो आणि तिच्यातच मालकाचे नाव लिहून मोकळा होतो. शेतकऱ्याचे तीन गट असले की तेच नाव तीनदा लिहिले जाते. एका ठिकाणी ते सुधारले व दुसरीकडे तसेच राहिले, तर दोन्ही नावे एकाच माणसाची हे सिद्ध करीत विधवेला पीककर्जासाठी हिंडावे लागते.

यावरील तोड जुन्या दप्तरातच आहे. गाव नमुना आठ-अ मध्ये खाते ही स्वतंत्र बाब आहे. एकाच व्यक्तीचे स्वतःचे एक खाते आणि भावांसह सामाईक दुसरे खाते असू शकते. म्हणून व्यक्ती, खाते व गट या तीन निराळ्या वस्तू ठरतात.

चौथी वस्तू फेरफार. नोंद, नोटीस, हरकतीची मुदत व मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण या अवस्थांतून तो जातो. प्रमाणित झाल्याखेरीज त्याचा अंमल होऊ नये, हा नियम फेरफारातच असावा. तो पडद्यावरील बटणात ठेवला, तर दुसऱ्या वाटेने येणारा त्याला सहज चुकवितो. खरेदी, वारस, बोजा हे फेरफाराचेच प्रकार. अवस्था सारख्या, परिणाम निराळे. वारसनोंद खात्यातील नावे बदलते, बोजा इतर हक्कांत कर्ज चढवितो. मूळ वस्तूचे गुण प्रकारांत उतरण्याला संगणकशास्त्रातही वारसाच म्हणतात. तेथे मात्र कोणाला मरावे लागत नाही.

हस्तलिखित सातबाऱ्यावर मृताच्या नावाला कंस होई व फेरफाराचा क्रमांक पडे. आराखड्यातही प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आले व कोणत्याने गेले हे क्रमांक राखावेत. उद्या मुलीचे नाव गळाल्याची तक्रार आली, तर ते कोणत्या नोंदीत गळाले हे त्या क्रमांकावरूनच शोधता येईल.