सेवाग्रामचे डॉक्टर

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. इथली नवी मुलं सुरुवातीचे दिवस गांधीजींच्या आश्रमात काढतात. श्रमदान, सूतकताई, प्रार्थना. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरं येतात. बाळांची वजनं करायची, बायकांच्या अंगात रक्त कमी आहे का ते पाहायचं, पाणी कुठून भरता ते विचारायचं. ओसरीवर बसून झालेलं हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या 'निर्माण' शिबिरांनाही तरुण डॉक्टर येतात. तिकडच्या दवाखान्यात रुजू होणाऱ्यानं गोंडी, माडिया या भाषा थोड्या तरी शिकाव्यातच. आजीचं नेमकं काय दुखतंय, ते तिच्याच तोंडून कळायला हवं.