भोपाळ ते विदिशा: दगडांवर कोरलेली नावं

मी भोपाळहून बोलतेय. आमच्याकडे पुण्या-मुंबईहून, कधी बडोद्याहून पाहुणे येतात, तेव्हा त्यांचा बेत बहुतेक ठरलेलाच असतो. सकाळी सांची, संध्याकाळी मोठा तलाव, दुसऱ्या दिवशी पचमढी. सांचीला पाऊण तास द्यायचा. स्तूपासमोर फोटो काढायचा, दोनशेच्या नोटेमागचं चित्र ताडून बघायचं, की आटोपलं. माझी तक्रार त्या पाऊण तासाबद्दल आहे. तो जरा वाढवलात तर काय काय हाती लागतं, ते आज सांगते.

सांची भोपाळपासून जेमतेम ५० किलोमीटर. वाटेत आपण कर्कवृत्त ओलांडतो, रस्त्यावर तशी खूण आहे. मुलं बरोबर असतील तर तिथे दोन मिनिटं थांबा.

मोठा स्तूप मुळात सम्राट अशोकाच्या काळातला, विटांचा. आज दिसतं ते दगडी आवरण शुंगांच्या काळात चढलं. व्यास सुमारे ३६ मीटर, उंची सुमारे १६ मीटर. चार दिशांची चार तोरणं त्यानंतरची, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. तोरणांवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, पण माणसाच्या रूपातला बुद्ध त्यांत कुठेही नाही. जिथे तो असायला हवा तिथे बोधिवृक्ष असतो, नाहीतर चक्र, रिकामं आसन, पावलांचे ठसे. घोडा चाललाय, त्याच्यावर छत्र धरलंय आणि पाठीवर कुणीच नाही. हा गौतमाचा गृहत्याग. एकदा ही खूण कळली की मुलं पुढची चित्रं आपणहून ओळखू लागतात.

माझा पाय मात्र जास्त अडतो तो अक्षरांपाशी. कठड्याचे खांब, आडवे दगड, फरसबंदी नीट बघा. जागोजागी ब्राह्मी लिपीतल्या छोट्या ओळी आहेत, सहाशेच्या वर. हा दगड अमक्या गावच्या अमक्याचं दान, एवढाच मजकूर. दान देणाऱ्यांत राजे जवळपास नाहीतच. व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू आहेत आणि भिक्षुणीही पुष्कळ आहेत. एखाद्या गावाने मिळून दिलेलं दानही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी उज्जैनच्या एखाद्या बाईने आपल्या पैशाने इथे एक दगड बसवला आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. त्या काळातल्या साध्या बायकांची नावं आपल्याला आणखी कुठे सापडतात, सांगा बरं?

दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत, ते चुकवू नका. एकात राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या मुखियाने, वासिष्ठीपुत्र आनंदाने, दान दिल्याची नोंद आहे. सातकर्णी म्हणजे आपले सातवाहन, पैठणचे. दुसऱ्या लेखात म्हटलंय की इथलं कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. हे वाचल्यावर तोरणाकडे पुन्हा बघा. इतक्या बारीक बोटांचा नाजूकपणा दगडात कुठून आला, हा प्रश्न मिटतो. हस्तिदंतावर बसलेला हात आहे तो.

त्याच तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा उभा आहे. वरचे चार सिंह संग्रहालयात आहेत. मधल्या खांबाचे तुकडे झाले, कारण कुणा जमीनदाराला उसाच्या चरकासाठी दगड हवा होता. अशोकाचा खांब, ज्यावर संघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद दिली आहे, त्याचा चरक करायला निघाले! हसू येतं खरं, पण सांचीचं मोठं नुकसान गावकऱ्यांनी केलेलंच नाही. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी टेलर इथे आला तेव्हा मोठा स्तूप बराचसा धड होता. चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, आत काय दडलंय ते बघायला तो एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला गेला. धन काही मिळालं नाही, स्तूपाची बाजू आणि पश्चिमेचं तोरण मात्र कोसळलं. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांनी आसपासचे स्तूप उघडले, त्यांत सारिपुत्र आणि महामोग्गलान या बुद्धाच्या दोन थोर शिष्यांच्या अस्थी मिळाल्या. या दोघांचे लंडनच्या संग्रहालयात गेलेले अवशेष पुढे परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्याच नव्या विहारात ठेवले गेले. नोव्हेंबरअखेर तिथे मेळा भरतो, तेव्हा ते दर्शनासाठी बाहेर काढतात. आज आपण बघतो तो नीटनेटका परिसर बव्हंशी जॉन मार्शल यांच्या १९१२ ते १९१९ या काळातल्या कामाचा. खर्चाचा मोठा भार भोपाळच्या बेगमांनी उचलला होता. बौद्ध स्तूप, मुसलमान राज्यकर्ती, इंग्रज अधिकारी. आमचं भोपाळ असंच आहे.

आता सांचीहून परत फिरू नका. पुढे दहाएक किलोमीटरवर विदिशा. बेस नदी ओलांडली की शेताच्या कडेला एक एकटा खांब दिसेल. गावात विचारताना हेलिओडोरस म्हणू नका, खांबबाबा कुठे, असं विचारा. रिक्षावाला लगेच नेईल.

इसवी सनपूर्व ११३ च्या सुमाराचा हा गरुडध्वज. तक्षशिलेच्या दियोनचा मुलगा हेलिओडोरस हा ग्रीक राजा अंतियालकिदसचा वकील म्हणून विदिशेच्या भागभद्र राजाच्या दरबारी आला. त्याने वासुदेवाच्या देवळापुढे हा खांब उभा केला आणि लेखात स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. ग्रीक माणूस, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, देव वासुदेव. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. इथे ती हाताच्या अंतरावर उभी आहे.

गंमत पुढेच आहे. कनिंगहॅम १८७७ मध्ये इथे आले, खांब त्यांनी पाहिला, पण लेख त्यांना दिसला नाही. लोक खांबाला शेंदूर फासत होते आणि अक्षरं त्या थराखाली दडली होती. १९०९ मध्ये शेंदूर काढला तेव्हा लेख उघडा पडला. त्यानंतर देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी इथे उत्खनन केलं. रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव. तेव्हा विदिशा ग्वाल्हेर संस्थानात होती आणि सांची भोपाळमध्ये. या टेकडीवरून त्या खांबाकडे जायला तुम्हाला संस्थान बदलावं लागायचं!

अभ्यासक शेंदराला नावं ठेवतात. मला ते तितकंसं पटत नाही. अशोकस्तंभाचा चरक होऊ घातला, खांबबाबाचा झाला नाही. कारण त्याला कुणीतरी नारळ फोडत होतं. मात्र श्रद्धा आणि संवर्धन यांचं नेहमीच जमतं असंही नाही. शेंदराची पुटं चढतच राहिली असती तर तो ग्रीक वकील आपल्याला कधी भेटलाच नसता. या दोन गोष्टी मला एकत्र बसवता येत नाहीत, आणि तिथे उभी राहिले की दर वेळी याच विचारात पडते.

तिथून उदयगिरी अगदी जवळ. बुटकी टेकडी, वीस गुहा. बाकीच्या घाईत पाहिल्यात तरी चालेल, पण पाचव्या गुहेसमोर बसा. गुहा कसली, मोठा कोनाडाच आहे. माणसाचं धड आणि वराहाचं मुख असलेला विष्णू पृथ्वीला दाताने वर उचलतोय, पायाखाली नाग, मागच्या भिंतीवर ऋषींच्या रांगांवर रांगा. शेजारच्या सहाव्या गुहेत चंद्रगुप्त दुसरा याच्या काळातला, गुप्त संवत ८२ चा, म्हणजे इसवी सन ४०१-०२ चा लेख आहे. सातव्या गुहेच्या लेखात पाटलिपुत्राचा वीरसेन सांगतो की तो राजाबरोबर दिग्विजयासाठी इथे आला होता. विदर्भातल्या मंडळींसाठी आणखी एक धागा: याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. तुमच्या रामटेकच्या टेकडीवरही वराह आहे, तो पाहून इथे आलात तर दोन्हींची तुलना करायला मजा येईल.

भोपाळच्या दुसऱ्या अंगाला भोजपूर आणि भीमबेटका, हे दोन्ही मिळून एक दिवस. भोजपूरचं शिवमंदिर अकराव्या शतकातलं, राजा भोजाचं, आणि अपुरं राहिलेलं. लिंग माणसापेक्षा उंच. दर्शन झालं की लगेच निघू नका. आजूबाजूच्या खडकावर बांधकामाचे नकाशे कोरलेले आहेत, आणि मागच्या बाजूला दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार अजून आहे. देऊळ पुरं झालं असतं तर हे सगळं काढून टाकलं असतं. अपुरं राहिलं म्हणून ते कसं बांधत होते हे आपल्याला कळतं.

भीमबेटका जगापुढे आणलं ते उज्जैनच्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना त्यांना हे खडक दिसले आणि ते चालत तिथे पोचले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनीही इथे उत्खनन केलं. परिसरात सातशेच्या वर शैलाश्रय आहेत, त्यांतले पंधराएक बघायला खुले आहेत. एकाच भिंतीवर आधी पांढरे-लाल हरीण, गवे, मग त्यांच्यावरच कित्येक पिढ्यांनी काढलेले तलवार घेतलेले घोडेस्वार. जुनं पुसून नवं काढावं असं त्यांना वाटलं नाही, ते वरच काढत गेले. चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी मारायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आणि हो, आपलं नाव कोरू नका. दगडावर नाव घालायचं तर सांचीवाल्यांसारखा आधी दगड द्यावा लागतो.

थोडं व्यवहाराचं सांगते. ऑक्टोबर ते मार्च या, उन्हाळ्यात सांचीचा दगड पाय भाजतो. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तो वार टाळा. सांची, विदिशा, उदयगिरी यांना एक पूर्ण दिवस द्या आणि निघण्यापूर्वी पोहे-जिलबी खाऊन घ्या. खांबबाबाजवळ हॉटेल शोधत बसाल तर उपाशी राहाल. हाताशी तिसरा दिवस असेल तर उदयपूरला जा. विदिशा जिल्ह्यातच आहे, परमार राजा उदयादित्याने बांधलेलं नीलकंठेश्वराचं लाल दगडी देऊळ. पण त्याच्याबद्दल दहा मिनिटांत बोलणं मला जमायचं नाही, तो विषय पुढच्या भागात घेऊ. नमस्कार.