ताडकळसच्या गंगूबाईंचं गाणं

आज रेसिपी नाही, बचत गटाचा हिशेब नाही, कापसावरची बोंडअळीसुद्धा नाही. आज आम्ही एका गायिकेबद्दल बोलणार आहोत आणि तिचं काय ऐकायचं, कसं ऐकायचं तेही सांगणार आहोत. गायिकेचं नाव गंगूबाई अंबोरे. गाव ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा आपलाच, परभणी.

गेल्या महिन्यात आम्ही गटागटांत विचारत फिरलो, की बायांनो, गंगूबाई म्हटल्यावर तुम्हाला कोण आठवतं? शिकलेल्या पोरींनी सिनेमातली सांगितली. शाळेच्या एका बाईंनी गंगूबाई हनगलांचं नाव घेतलं, आणि त्यांचं बरोबरच होतं, मोठी गायिका. ताडकळसच्या गंगूबाईंचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी आलं नाही. ताडकळसला ज्यांचं माहेर आहे त्या दोघींच्याही नाही. म्हणून हे बोलणं.

गंगूबाई जात्यावरच्या ओव्या गायच्या. कुठल्या गायन समाजात नाही, तिकीट लावून नाही. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो तो पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांमुळे. पॉइत्वाँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात येऊन इथलेच झाले. मुळशी तालुक्यात गरीब डोंगरी बायांबरोबर काम करताना या दोघांच्या ध्यानात आलं, की बाई सभेत बोलत नाही ते जात्यावर बोलते. मग त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं झाली, एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे जाणकार त्यांना येऊन मिळाले आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याच फेऱ्यांत ही मंडळी ताडकळसला आली आणि गंगूबाई गायल्या. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, हेमाताईही नंतर गेल्या. त्यांचा हा ठेवा २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर थोडा थोडा येत गेला. पारी म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांनी उभा केलेला ग्रामीण भारताचा संग्रह. तिथं मराठीतही वाचता येतं, आणि ऐकायला पैसे पडत नाहीत.

आता काय ऐकायचं. गंगूबाईंचं जे सापडेल ते सगळंच ऐका, पण सुरुवात करा सीतेच्या वनवासाच्या ओव्यांपासून.

सीतेचा वनवास आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. कीर्तनात ऐकला, टीव्हीवर पाहिला. तिथं चौदा वर्षांचा वनवास मोठा असतो. राम, लक्ष्मण, सोन्याचं हरीण, रावण. जात्यावरच्या बाईला मात्र दुसरा वनवास जास्त महत्त्वाचा वाटतो. पोटुशी असताना नवऱ्यानं घराबाहेर काढलेली, एकटीच रानात सोडलेली सीता. गंगूबाई त्या सीतेजवळ थांबतात. त्यांच्या ओवीत रानातून रडण्याचा आवाज येतो, कोण रडतं ते ऐका म्हणतात, आणि मग कळतं की सीतेला समजवायला, तिच्याजवळ बसायला बाया आलेल्या आहेत. कोण बाया? तर बोरी आणि बाभळी.

इथं जरा थांबू या. पोथीतल्या रानात चंदन असतो, अशोक असतो, कमळं असतात. गंगूबाईंच्या रानात आपल्या बांधावरची झाडं आहेत. बोर आणि बाभूळ, दोन्ही काटेरी. आपल्या पायात काटा मोडतो तो त्यांचाच, जळणाला फांदी तोडतो ती त्यांचीच, आणि उन्हात शेळी बांधून बसतो ते बाभळीच्याच विरळ सावलीला. राजाच्या घरातून कुणी सीतेमागं आलं नाही. जी आली ती स्वतःच काट्यांनी भरलेली. शेजारची बाई समजवायला येते तेव्हा तिच्या घरी काही सुख नांदत असतं असं थोडंच आहे? हे सगळं गंगूबाई समजावून सांगत बसत नाहीत. दोन ओळींत झाडांची नावं घेतात आणि पुढच्या ओवीकडे वळतात. आमच्या मते ही ओवी कुठल्याही मोठ्या कवीच्या शेजारी ठेवावी अशी आहे.

तुम्ही म्हणाल, या ओव्या तर आमची आजीपण म्हणायची. म्हणायचीच. ओवी कुणा एकीच्या मालकीची नसते. माहेरातून सासरी येते, एका ओळीत जावेनं भर घातलेली असते, एक शब्द नणंदेनं बदललेला असतो. पण सगळ्यांना येणारी गोष्ट सगळ्याच सारखी गात नाहीत. पुरणपोळी घरोघरी होते, तरी गावात एकीच्याच हातची सांगितली जाते, तसं आहे हे. गंगूबाईंच्या गाण्यात हात कळतो.

त्यासाठी ऐकायची एक रीत सांगतो. पहिल्या वेळी पडद्यावरचे शब्द वाचू नका. फोन पालथा ठेवा. लिहिलेली ओवी दोन ओळींची असते, वाचायला चार श्वासही लागत नाहीत. गायलेली ओवी त्याहून पुष्कळ लांब असते. गाणारी मध्ये बाई म्हणते, गं म्हणते, आधी आलेला तुकडा परत घेते, अर्धी ओळ धरून ठेवते आणि मग उरलेली सोडते. शब्द सुटायला उशीर लागतो, तोवर आपण वाट बघत राहतो. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना याचं कारण सांगायला नको: खुंट्याचा एक फेरा, मग दुसरा, मूठभर वैरण घालायला हात सुटतो तेवढी सवड, आणि श्वास त्या मापानं. या चालीला बाया ‘गळा’ म्हणतात, आणि गळा कागदावर उतरत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी लिहून घेतली, १९५२ मध्ये पुस्तक झालं, म्हणून ती आपल्याला मिळाली. केवढे उपकार झाले. पण शब्द मिळाले म्हणजे गळा मिळाला असं होत नाही. गंगूबाईंचा गळा मिळालाय.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा शब्द समोर ठेवा. कुठला तुकडा त्या परत घेतात आणि कुठला एकदाच म्हणून सोडून देतात, तेवढंच बघा. तिसऱ्यांदा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि तिचा चेहरा बघा.

एक आणखी सांगायचंय. गंगूबाईंच्या आयुष्यात हाल फार झाले. त्यांच्याबद्दल लिहिताना, बोलताना आधी ते हाल येतात. लोकांना वाटतं, एवढं सोसलं म्हणून असं गायली. आम्हाला हे पटत नाही. सोसणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यात पैशाला पासरी आहेत, त्या सगळ्या अशा गात नाहीत. दुःख सगळ्यांना मिळतं, गळा कमावावा लागतो. भीमसेन जोशींचं गाणं ऐकताना आपण त्यांची ताकद बघतो, तालीम बघतो. गंगूबाईंकडेही तसंच बघावं. म्हणून त्यांच्या हालांची कहाणी आज आम्ही मुद्दाम सांगत नाही.

आता थोडं लांबचं. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांची गाणी होती, कामाची, देवाची, घर सुटल्याची. त्यातून पुढं ब्लूज आलं, जॅझ आलं. १९२० नंतर त्या समाजातल्या बायांच्या तबकड्या निघाल्या, दुकानात विकल्या गेल्या. बेसी स्मिथचं नाव तबकडीवर छापलेलं असायचं. त्यांनाही पैशात फसवलंच लोकांनी, पण नाव राहिलं. आज जगभरचे रसिक वाद घालतात, अमक्या पियानोवाल्याला न्याय मिळाला नाही, त्याच्या या पाच तबकड्या ऐकल्याच पाहिजेत. आपलाही मुलूख कापसाचा. आपल्या गाणारणींची तबकडी निघाली नाही, तेव्हा वाद घालायला रसिक कुठून येणार? पण ध्वनिमुद्रण आहे, नाव आहे, गाव आहे. तो वाद आता आपण गटात घालू शकतो.

आणि वाद घालायचा तर दुसरी बाजूही ऐकलेली हवी. त्यासाठी शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे ऐका. त्यांच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. जातं तेच, ओवीचा साचा तोच, पण ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते त्या घरातली बाई तो साचा आपल्या भीमरायासाठी वापरते, तेव्हा आवाजात मान ताठ झालेली कळते. गंगूबाईंनंतर लगेच राधाबाई लावा. दोघींत कोण मोठी हे आम्ही सांगणार नाही, आमच्यातच दोन तट आहेत. मुळशीकडच्या बायांच्या, बाईच्या जन्माबद्दलच्या ओव्याही तिथंच सापडतील. त्यांचा गळा आपल्याहून वेगळा, डोंगराकडचा, ऐकून ठेवा.

आपल्या जिल्ह्याचं आणि जात्याचं नातं जुनं आहे. गंगाखेडची जनाबाई दळता दळता विठोबाला बोलवायची आणि तो येऊन खुंटा धरायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जनाबाईचे अभंग आपल्याला पाठ आहेत. तिचा आवाज कसा होता हे कुणालाच कळणार नाही. आणि आज तशीच गत आपल्या घरात होते आहे. गिरणी आली, बरंच झालं. पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या बाईला विचारा, ती गिरणीला हात जोडेल. आमच्यापैकी कुणालाही ते दिवस परत नकोत. पण गिरणीबरोबर पहाटेचा तो एकटा वेळ गेला, आणि त्या वेळातलं बोलणं गेलं. आता जातं निघतं लग्नात, हळदीच्या वेळी, तेही सुपारी बांधून फोटो काढण्यापुरतं. ज्यांनी खरोखर दळलं त्या बाया आज सत्तरीच्या पुढं आहेत.

म्हणून आमचं म्हणणं आहे, की ऐकून झालं की आपल्या गावच्या गळ्यांचं ध्वनिमुद्रण करा. फोन सगळ्यांच्या हातात आहे. पण नीट करा. गटांत हे काम सुरू केल्यावर आमच्या लक्षात आलेल्या गोष्टी सांगतो.

म्हातारीला एकदम ‘गा’ म्हटलं तर ती म्हणते, मला काही येत नाही. जात्यासमोर बसवा, खुंटा हातात द्या, मूठभर ज्वारी द्या. हात फिरला की तोंड उघडतं. जातं फुटलेलं असलं किंवा टाकी लावायला कुणी उरलं नसलं, तर नुसतं सूप हातात दिलं तरी चालतं. पंखा बंद करा, कुकर उतरवा. फोन खाली घडी केलेल्या लुगड्यावर ठेवा, नाहीतर जात्याची घरघर तेवढी येते आणि बाई येत नाही. सुरुवातीला तिचं नाव, माहेर, सासर तिच्याच तोंडून घ्या. ‘एक आजीबाई’ असं लिहून पुढं पाठवलेली क्लिप आम्ही आमच्या कार्यक्रमात लावत नाही.

आणि परवानगी. हा विषय नाजूक आहे. ओवीत सासू असते, दीर असतो, नवऱ्याचा मार असतो. पूर्वी ते पहाटेच्या अंधारात, जात्याच्या आवाजात झाकलेलं असायचं. आता ते क्षणात गावच्या व्हॉट्सॲप गटावर जातं आणि त्याच घरात सून, नातू, पुतणे ऐकतात. एका आजींनी आम्हाला वीस ओव्या दिल्या आणि त्यातल्या तीन माझ्या मागंच वाजवा म्हणाल्या. त्या तीन आमच्याकडे वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्यांच्या नावानं. दुसऱ्या एकीनं अगदी उलट सांगितलं, की हीच आधी लावा, तो अजून जिवंत आहे तोवर लावा. दोघींचंही ऐकायचं. गाणं जिचं आहे तिनं ठरवायचं, लेकानं नाही आणि आम्हीही नाही.

ज्यांच्या फोनला नेट नाही त्यांनी अडून बसू नका. गटाची बैठक कळवा, आम्ही स्पीकर घेऊन येतो. पहिला अर्धा तास गंगूबाई, मग राधाबाई, मग तुमच्या गावची जी बसेल ती. ताडकळसच्या गटानं येत्या अमावास्येनंतरचा सोमवार दिला आहे; दळण कुणी आणायचं आणि जातं कुणाच्या घरचं, एवढं त्यांनी कळवायचं बाकी आहे.