मृगाआधीची यादी

वाशीम-रिसोडकडच्या पैनगंगेकाठच्या गावांत पूर आला की पहिली अडचण रस्त्याची. पुलावर पाणी चढलं की १०८ ची गाडी पलीकडेच अडकते. म्हणून उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेची तयारी मृग लागण्याआधीच व्हायला हवी. आशाताईंना सोबत घेऊन यादी करायची: येत्या दोन महिन्यांत दिवस भरणाऱ्या बायका, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन घेणारी म्हातारी माणसं. गरोदर बाईला पाणी चढण्याआधीच आरोग्य केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे हलवलेलं बरं. सासूबाईंना पटवणं, हेच त्यातलं खरं अवघड काम!

पूर ओसरला की विहिरींकडे वळायचं. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, मग निदान अर्धा तास थांबायचं. ‘पाण्याला वास येतो’ अशी तक्रार हमखास येते. येऊ द्या, हलका वास म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

आणि हो, वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. बिनधास्त हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.