घेतलेले नाव आणि झाकलेले नाव
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



कवी टोपणनाव का घेतो, असे विचारले तर 'लपण्यासाठी' हे उत्तर सहज मिळते. मराठी कवींची नावे पाहता हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. आपल्या फैजपूरच्या शाळेत ज्यांनी काही वर्षे अध्यापन केले, ते कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले, म्हणजे केशवाचे पुत्र. राम गणेश गडकरी धाकट्या गोविंदाचे ज्येष्ठ बंधू म्हणून 'गोविंदाग्रज', आणि वि. वा. शिरवाडकर भगिनी कुसुम यांचे ज्येष्ठ बंधू म्हणून 'कुसुमाग्रज'. या नावांतून आडनाव गळले, नाते मात्र राहिले. धुळ्यास जन्मलेले विनायक जनार्दन करंदीकर तर नुसते 'विनायक' म्हणूनच ओळखले गेले. गडकऱ्यांनी तर लेखनप्रकारांप्रमाणे नावे वाटली होती: कविता गोविंदाग्रजांची, विनोद 'बाळकरामा'चा आणि नाटके स्वतःच्या नावाची.

आडनाव कानी पडताच गाव, कूळ व जात विचारण्याची आपणां सर्वांस सवय आहे. स्मरणिकेतील याद्याही आडनावांच्याच असतात. टोपणनाव वाचकास त्या चौकशीपासून क्षणभर दूर ठेवते व आधी कविता वाचावयास लावते.

काही नावे रसिकांकडून मिळतात. धरणगावी १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी 'बालकवी' ही पदवी दिली. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या वयास अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

परंतु ज्यांस नाव निवडण्याची संधीच नव्हती, त्यांचे काय? असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम व शेतकाम करता करता त्या गाणी रचीत, आणि पुत्र सोपानदेव व इतर आप्त ती टिपून ठेवीत. १९५१ साली त्या निवर्तल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली, आणि आज जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. घरच्यांनी टिपण केले नसते, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

म्हणून आमची एक विनंती आहे. अशा स्मरणिकांतून कवितेखाली 'एक भगिनी' अशी सही आढळते. ती सही त्या भगिनीने स्वखुशीने घेतली असेल, तर तिचा मान राखावा. परंतु घरच्यांच्या संकोचामुळे ती आली असेल, तर त्यास टोपणनाव म्हणता येणार नाही. तो पडदाच होय. पुढील वर्षी लेखन मागविताना संपादकांनी पती-पित्यास न विचारता तिलाच विचारावे, "ताई, आपले नाव कसे छापावे?" आणि ज्या घरी एखादी आजी अजून ओव्या म्हणते, तेथे आजच वही उघडावी व पहिल्या पानावर तिचे संपूर्ण नाव लिहावे.