हातगुण आणि रेकी

आपल्या मराठी भाषेंत 'हातगुण' हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. दोन वैद्य एकच मात्रा देतात; एकाच्या हातून रोग्यास उतार पडतो, दुसऱ्याच्या हातून पडत नाहीं. मग गांवचे लोक म्हणतात, "अमक्याच्या हाताला गुण आहे." ही समजूत खरी कीं खोटी, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी तिच्या मुळाशीं असलेला अनुभव सार्वत्रिक आहे. ठेच लागलेलें मूल रडत धांवतें तें औषधाच्या बाटलीकडे नव्हे, तर आईकडे. आणि आईचा हात दुखऱ्या जागेवरून फिरतांच त्याचें रडें ओसरूं लागतें. जपानी भाषेंत उपचाराला 'तेआते' असा एक जुना शब्द आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'हात लावणें' असाच आहे. परस्परांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांत एकच अनुभव अशा रीतीनें सांठून राहिला आहे.

या 'तेआते'च्या देशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक उपचारपद्धति जन्मास आली. तिचें नांव रेकी. आज ती युरोप-अमेरिकेंत पसरली आहे, आणि १९९० नंतर मुंबई-पुण्याकडेही तिचे वर्ग निघाले. कोणी तिला संजीवनी मानतो, तर कोणी तिची निव्वळ भोंदूगिरींत गणना करतो. या दोन्ही टोकांना न जातां, ती कोठून आली, तिच्यांत काय करतात, शरीरावर व मनावर तिचा परिणाम कोणता, आणि तिची मर्यादा कोठें संपते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहूं. 'रे' म्हणजे आत्मिक, अलौकिक. 'की' म्हणजे चीन व जपान या देशांतील पारंपरिक समजुतीप्रमाणें सजीवांत वाहणारी जीवनशक्ति. आपल्याकडील 'प्राण' ही कल्पना 'की'च्या पुष्कळ जवळची आहे. दोहोंचाही श्वासाशीं निकटचा संबंध. परंतु योगमार्गांत साधक स्वतःच्या श्वासाच्या द्वारें स्वतःच्याच प्राणाचें नियमन करतो. रेकींत ती शक्ति उपचारकाच्या हातांतून रोग्याकडे वाहते, अशी श्रद्धा आहे. उपचारक आपली शक्ति देत नाहीं, तो केवळ वाट देतो. मळ्यांतील पाणी विहिरीचें असतें, पाटाचें नसतें; तशीच ही कल्पना आहे.

या पद्धतीचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांचा जन्म १५ ऑगस्ट १८६५ रोजीं जपानच्या गिफू प्रांतांतील तानिआई या खेड्यांत झाला. वाचन अफाट, परंतु संसारांत यश बेताचें, असें त्यांचें पूर्वायुष्य गेलें. सन १९२२ मध्यें ते क्योतो शहराजवळच्या कुरामा पर्वतावर गेले आणि तेथें त्यांनीं एकवीस दिवस उपोषण व ध्यान केलें. अखेरीस आपल्या मस्तकावर एक महान शक्ति उतरल्याचा अनुभव त्यांना आला, असें त्यांचे शिष्य सांगत. त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत तोक्यो येथें त्यांनीं आपल्या पद्धतीची संस्था काढली.

या नव्या संस्थेची कसोटी लवकरच लागली. १ सप्टेंबर १९२३ रोजीं, दुपारचे बारा वाजण्यास दोनच मिनिटें असतांना, तोक्यो व योकोहामा या शहरांना भयंकर भूकंपाचा धक्का बसला. चुलींतील निखारे लाकडी घरांवर पसरले, आगी लागल्या, आणि एक लाखाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या होरपळलेल्या नगरांत उसुई रोज हिंडत आणि जखमी व भयभीत लोकांना हातांचा आधार देत. जेथें छप्पर उरलें नव्हतें, तेथें हात तेवढे उरले होते. ९ मार्च १९२६ रोजीं फुकुयामा येथें, प्रवासांत असतांनाच, त्यांचें देहावसान झालें. पुढल्या वर्षीं शिष्यांनीं तोक्योंतील साइहोजी मंदिरांत त्यांची स्मारकशिला उभी केली. त्यांना दोन हजारांवर शिष्य लाभले, अशी तिच्यावर नोंद आहे. रोग बरा करणें एवढाच या पद्धतीचा हेतु नसून मन सरळ करून शरीर निरोगी ठेवणें हा तिचा हेतु आहे, असाही आशय त्या शिलेवर कोरलेला आहे. पुढील विवेचनांत हें वाक्य लक्षांत ठेवावयाचें आहे.

उसुई यांच्या शिष्यांपैकीं चुजिरो हायाशी हे आरमारांतून निवृत्त झालेले अधिकारी होते. शिस्तीच्या या माणसानें तोक्यो येथें चिकित्सालय काढलें व कोणत्या व्याधींत हात कोठें ठेवावे याचीं टिपणें तयार केलीं. सन १९३५ मध्यें त्या चिकित्सालयांत एक आजारी स्त्री आली. तिचें नांव हवायो टाकाटा. हवाई बेटांतील काउआई येथें उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या जपानी मजुराच्या घरीं २४ डिसेंबर १९०० रोजीं तिचा जन्म झाला होता. सन १९३० मध्यें तिचा पति वारला. दोन मुलींचा भार, अतिश्रम आणि शोक यांनीं तिची प्रकृति पार ढासळली होती. जपानांत शस्त्रक्रियेची सिद्धता झाली असतां "याची गरज नाहीं" असा शब्द आपणांस ऐकूं आला, आणि म्हणून आपण हायाशींकडे गेलों, असें टाकाटाबाई पुढें सांगत. पहिल्याच उपचाराच्या वेळीं त्या हातांची ऊब इतकी जाणवली, कीं उपचारकाच्या बाहींत विजेचें एखादें यंत्र दडविलें असावें, या संशयानें त्यांनीं ती बाही धरून पाहिली! यंत्र निघालें नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्या बऱ्या झाल्या, तेथेंच राहून ती विद्या शिकल्या, आणि १९३७ मध्यें हवाईला परतल्या.

हायाशी यांचा शेवट मात्र करुण झाला. जपान युद्धाकडे ओढला जात असतांना, मे १९४० मध्यें त्यांनीं स्वतः होऊन आपली जीवनयात्रा संपविली. पुढील वर्षीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकेच्या राज्यांत जपानी मूळ असणें हाच एक गुन्हा ठरला. टाकाटाबाईंनीं अशा काळांत ती विद्या जिवंत ठेवली. परंतु या प्रयत्नांत सत्याला थोडी मुरड बसली. उसुई हे ख्रिस्ती विद्यालयाचे प्रमुख होते व त्यांनीं शिकागो विद्यापीठांत अध्ययन केलें, अशी कथा त्या सांगत. त्या विद्यापीठांत अशी नोंद आढळत नाहीं, आणि उसुई यांची समाधि बौद्ध मंदिराच्या आवारांत आहे. अमेरिकन श्रोत्यांना ही विद्या परकी वाटूं नये म्हणून कथेला हें रूप आलें असावें, असा अभ्यासकांचा तर्क आहे. उत्तरायुष्यांत त्यांनीं बावीस शिक्षक तयार केले आणि त्या पदवीस दहा हजार डॉलर दक्षिणा ठरविली. डिसेंबर १९८० मध्यें त्या वारल्या. या बावीस जणांच्या द्वारें रेकी जगभर गेली.

आतां प्रत्यक्ष उपचार. रोगी पूर्ण वस्त्रांनिशीं शांत खोलींत पडून राहतो. उपचारक डोळे, कपाळ, गळा, छाती, पोट, पाठ अशा क्रमानें आपले हात अलगद टेकतो, किंवा किंचित् अंतरावर धरतो, आणि एकेका जागीं कांहीं मिनिटें स्थिर राहतो. मर्दन नाहीं, औषध नाहीं. शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर गुरु दीक्षा देतो, आणि वरच्या पायरीवर दूरच्या रोग्यासही शक्ति पाठवितां येते असें मानतात.

याचा शरीरावर कांहीं परिणाम होतो काय? होतो. सन २००४ मध्यें पंचेचाळीस व्यक्तींवरील एक प्राथमिक प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसती विश्रांति घेणाऱ्यांपेक्षां आणि रेकीचें केवळ सोंग ज्यांच्यावर केलें त्यांच्यापेक्षां, रेकी घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके व रक्तदाबाचा खालचा आंकडा अधिक उतरला, असें त्यांत दिसून आलें. परंतु हा प्रयोग लहान होता. सन २००८ मध्यें नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां कोणत्याही रोगावर रेकी गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाहीं, असा निष्कर्ष निघाला. आणि ज्या शक्तीची गोष्ट सांगतात, ती शक्ति कोणत्याही उपकरणानें मोजतां आलेली नाहीं.

या संदर्भांत एका मुलीचा प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेंत रेकीसारखीच एक पद्धति परिचारिकांत रूढ होती. तिचे उपचारक म्हणत कीं, स्पर्श न करतांही दुसऱ्याच्या देहाभोंवतालची शक्ति हाताला जाणवते. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनें शाळेंतील विज्ञानप्रकल्पासाठीं एक पडदा उभा केला. पडद्याच्या छिद्रांतून उपचारकानें दोन्ही हात पुढें करावे, मुलीनें त्यांपैकीं एकावर आपला हात धरावा, आणि तो कोणत्या हातावर आहे तें उपचारकानें सांगावें. एकवीस उपचारकांनीं २८० वेळां उत्तरें दिलीं. त्यांतील १२३ बरोबर आलीं. म्हणजे नाणें उडवून सांगितलें असतें तरी याहून कमी बरोबर येण्याचें कारण नव्हतें! सन १९९८ मध्यें अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकानें हा प्रयोग छापला, तेव्हां ती मुलगी अकरा वर्षांची होती.

मग रोग्याला वाटणारा आराम खोटा म्हणावयाचा काय? नाहीं. येथें सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोलाचा आहे. कर्करोगाचें तीव्र औषध शिरेंतून घेणाऱ्या १८९ रोग्यांचे तीन गट करण्यांत आले. एका गटाला रेकी-शिक्षकाचे उपचार मिळाले. दुसऱ्यावर रेकीची दीक्षा नसलेल्या व्यक्तीनें हुबेहूब तसेच हात ठेवले. तिसऱ्याला नेहमींची शुश्रूषा तेवढी मिळाली. पहिल्या दोन्ही गटांना सारखाच आराम वाटला, आणि तिसऱ्या गटाहून तो अधिक होता. दीक्षा असलेला हात आणि दीक्षा नसलेला हात यांत रोग्याला फरक पडला नाहीं. फरक पडला तो कोणी तरी जवळ बसण्यांत. शांत पडून राहणें, मंदावलेला श्वास, ममतेचा स्पर्श आणि बरें वाटण्याची आशा, यांनीं शरीरांतील ताण उतरतो, वेदनेची धार बोथट होते, झोंप येते. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्यानें गांठ विरघळत नाहीं आणि जंतु मरत नाहींत.

खरा धोका येथेंच आहे. बरें वाटणें आणि बरें होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने चालतें. कांहीं आठवड्यांतच हुशारी वाटूं लागते, आणि त्या वेळीं औषध सोडणाऱ्याच्या देहांत रोग अधिक हट्टी होऊन परततो. ज्या मधुमेही बालकाचें शरीर इन्शुलीन निर्माणच करीत नाहीं, त्याचें इन्शुलीन बंद केलें तर कोणताही हात त्याला वांचवूं शकत नाहीं. टाकाटाबाई शस्त्रक्रियेवांचून बऱ्या झाल्या, हें उदाहरण पुष्कळदां पुढें केलें जातें. परंतु कांहीं दुखणीं आपोआपही मावळतात. औषधावांचून खोकला जातो, ही म्हण आपल्याकडे कांहीं उगाच पडली नाहीं. एकाचा खोकला गेला, म्हणून दुसऱ्यानें औषध फेकूं नये. वैद्याचें औषध बंद करावयास सांगणारा, किंवा असाध्य रोग हमखास बरा करण्याचे पैसे मागणारा उपचारक, मग तो कोणत्याही पद्धतीचा असो, दारांत उभा करूं नये.

राहिला आत्मिक परिणाम. उसुई यांनीं आपल्या शिष्यांना पांच नियम घालून दिले आणि ते सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणावयास सांगितले. रागावूं नये, चिंता करूं नये, कृतज्ञ असावें, आपलें काम मन लावून करावें, आणि सर्वांशीं ममतेनें वागावें, असा त्यांचा भावार्थ आहे. यांत नवें असें कांहींच नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु या नियमांच्या आरंभीं एक अट आहे: आजच्यापुरतें. जन्मभर रागावणार नाहीं, ही प्रतिज्ञा दुसऱ्याच दिवशीं मोडते. आजच्यापुरतें रागावणार नाहीं, ही प्रतिज्ञा संध्याकाळपर्यंत तरी निभावतां येते, आणि सकाळीं पुन्हां घेतां येते. या नियमांना यंत्राच्या पुराव्याची गरज नाहीं; ज्याला पाहावयाचें त्यानें एक दिवस पाळून पाहावे. रेकीचा हा भाग निःसंशय हितकर आहे, आणि नेमका हाच भाग पदव्यांच्या आणि दक्षिणांच्या गडबडींत मागें पडला आहे. मन सरळ करणें हा हेतु शिलेवर कोरला गेला. शिकणाऱ्यांची धांव मात्र रोग घालविण्याच्या सिद्धीकडे राहिली.

श्रोतेहो, त्या १८९ रोग्यांचा प्रयोग शेवटीं पुन्हां आठवावा. तो एका अर्थानें रेकीचा दावा खोडून काढतो. परंतु दुसऱ्या अर्थानें तो प्रत्येक घराला एक अधिकार देतो. दीक्षा नसलेला हातही रोग्याला आराम देतो, तर तो हात मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा, कोणाचाही असूं शकतो. आज घरोघरीं अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना औषध वेळेवर मिळतें, फळें मिळतात. त्यांच्या उशाशीं पंधरा मिनिटें निवांत बसून कपाळावर हात ठेवणारें माणूस मात्र मिळत नाहीं. त्यासाठीं कुरामा पर्वतावर जाण्याची किंवा दहा हजार डॉलर देण्याची आवश्यकता नाहीं. औषध वैद्याचें असावें, आणि तें नियमानें घ्यावें. हात मात्र आपल्या माणसाचा असावा. हातगुण म्हणतात तो बहुधा एवढाच असेल, आणि एवढाही पुष्कळ आहे.